घुमटाची कड

दाजींचा दिवस दुपारी साडेतीनला सुरू व्हायचा. शेजारपाजारची माणसं जेवून आडवी झालेली असत, तेव्हा दाजी उठून तोंड धूत, उभ्या उभ्या चहा घेत आणि चारच्या ठोक्याला टेकडी चढायला लागत. वर वेधशाळा होती. चढायला पाऊण तास लागे. वाटेत ते कुठेही टेकत नसत. टेकलं की पाय हिशेब मागायला लागतात, असं त्यांचं म्हणणं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी त्याच वेधशाळेच्या कारखान्यात फिटर होतो. नोकरी त्यांच्याच शब्दावर लागली होती, त्यामुळे पहिली दोन वर्षं त्यांच्याशी बोलताना मी जरा वाकूनच असे. नंतर सरळ झालो.

त्यांचं काम घुमटात. दुर्बीण एका गोल लोखंडी घुमटाखाली उभी होती आणि घुमटाला वरपासून खालपर्यंत एक फट होती. आकाश सरकतं, तशी दुर्बीण यंत्रावर हळूहळू सरकायची. घुमटाची मोटर मात्र मी लागायच्या आधीच जळून गेली होती. म्हणून दर बारा मिनिटांनी भिंतीवरचा हातरहाट फिरवून फट दुर्बिणीच्या तोंडासमोर आणायची. अठ्ठावीस फेरे. एक पाळी चुकली तर फटीची कड दुर्बिणीच्या आड येते आणि आरशावर उजेड कमी पडतो. घुमटात शेगडी ठेवता येत नाही, कारण गरम हवेनं तारे थरथरतात. रहाटाचं लोखंड पहाटे हाताला चिकटायचं. हे सोपं काम आहे असं ज्याला वाटतं, त्यानं तो रहाट कधी हातात धरलेला नाही.

दोन पाळ्यांच्या मध्ये मोजणी. दुर्बिणीच्या बुडाशी उजेड मोजणारी एक नळी होती. दहा सेकंदांत उजेडाचे किती कण आले तो आकडा लाल दिव्यांवर उमटायचा. तो छापील कागदावर उतरवायचा. वेधशाळेत संशोधन करणारे एक साहेब होते, त्या वर्षी त्यांच्या यादीतल्या एकोणऐंशी नंबरच्या ठिपक्याची मोजणी चालू होती. दिसायला तो ताऱ्यासारखाच, पण तारा नव्हे. ती फार लांबची एक दीर्घिका, आणि दिसतं ते तिचं नुसतं मधलं टोक. तिथे कोट्यवधी सूर्यांच्या वजनाचं एक कृष्णविवर बसलेलं आहे. त्याच्याकडे ओढला जाणारा माल गरगरत तापतो, आणि त्यातला काही झोतासारखा बाहेर फेकला जातो. आपल्याला दिसतो तो त्याचा उजेड. उजेड कमीजास्त होतो, पण त्याला महिने लागतात, असं साहेबांनी आपल्या प्रबंधात लिहून ठेवलं होतं. त्याच प्रबंधावर त्यांना नोकरी मिळाली होती.

साहेब तेव्हा अडतीस वर्षांचे, दाजी छत्तीसचे. साहेब रात्री अकरापर्यंत वर थांबत, मग खालच्या खोलीत निजायला जात. त्यांनी एक नियम घालून दिला होता. ठिपका खरंच मंदावला की आपलंच काही चुकलं, हे कळावं म्हणून जवळचा एक साधा तारा साक्षीदार म्हणून मोजायचा, पण तासातून दोनदाच, सुरुवातीला आणि शेवटी. कागदावर त्याच्यासाठी तेवढीच जागा होती. दाजींना हे पटत नव्हतं. मधल्या वेळात साक्षीदार काय करतो ते कुणाला माहीत, असं ते म्हणत. म्हणून ते प्रत्येक मोजणीच्या आधी दुसरा एक शेजारचा तारा मोजत आणि त्याचा आकडा कागदाच्या पाठीवर लिहीत. हे काम कुणी सांगितलेलं नव्हतं. त्याचा पगारही नव्हता.

एका रात्री एकोणऐंशी चाळीस मिनिटांत एक-पंचमांश मंदावला आणि पुढच्या अर्ध्या तासात परत वर आला. दाजींनी बॅटरी घेऊन फट पाहिली. कड दुर्बिणीपासून हातभर लांब होती. पाठीवरच्या ताऱ्याचा आकडा जिथल्या तिथे होता.

सकाळी साहेबांनी कागद पाहिला. एवढ्या लवकर ही वस्तू बदलूच शकत नाही, असं ते म्हणाले. का नाही, ते मला पुढे दाजींनीच समजावलं. समजा एक मोठा कारखाना आहे आणि भोंगा वाजला की सगळ्यांनी काम थांबवायचं. भोंग्याचा आवाज पार शेवटच्या शेडपर्यंत पोचेपर्यंत पूर्ण कारखाना थांबत नाही. जेवढा कारखाना मोठा, तेवढा थांबायला वेळ. उजेडाचंही तसंच. तासाभरात जे मंदावलं, ते उजेडाला तासाभरात ओलांडता येईल त्याहून मोठं नसणार. साहेबांनी प्रबंधात तो कारखाना कितीतरी महिन्यांएवढा मोठा धरला होता. दाजींचा कागद खरा, तर साहेबांचा प्रबंध गेला.

साहेबांनी कागद उलटून पाहिला नाही. पाठीवर लिहिलेलं पुरावा होत नाही, असं म्हणाले. मग नोंदवहीत लाल शाईनं एक ओळ लिहिली. ती मी इतक्यांदा वाचली आहे की झोपेतही म्हणून दाखवीन. ‘घुमट फिरवणाऱ्यास झोप लागल्याने फटीची कड आड आली, या रात्रीचे आकडे रद्द.’ खाली सही. तीच ओळ दाजींच्या नोकरीच्या पुस्तकात उतरली. तीन वर्षांची पगारवाढ थांबली, मोजणीचं काम काढून घेतलं आणि दाजींना दिवसपाळीला टाकलं. झाडणं, रंग लावणं, तेलपाणी.

हेही त्यांनी सोसलं असतं. पण ती ओळ कँटीनमध्ये पोचली आणि दाजींचं नाव ‘डुलकी’ पडलं. आचारी म्हणायचा, “डुलकी, चहा गार होतोय, उठवू का?” वाण्यानं उधारीच्या वहीवर तेच नाव घातलं. माझी भाची शाळेतून रडत आली, तिला वर्गात डुलकीची पोरगी म्हणाले होते. त्या दिवशी दाजी जेवले नाहीत.

माझं रक्त तेव्हा गरम होतं. साहेबांच्या दुर्बिणीचा एक बोल्ट सैल करून ठेवतो म्हटलं, महिनाभर बसतील शोधत. दाजी माझ्याकडे असे बघत राहिले, जसं काही मीच त्यांना डुलकी म्हटलं.

“वाईट काम करून सूड घेतला, तर त्याचंच म्हणणं खरं होईल,” ते म्हणाले. “ती ओळ त्याच्याच हातानं खोडून घेईन. लाल शाईनंच.”

एवढंच बोलले. पुढची एकोणीस वर्षं त्यांनी हा विषय काढला नाही. पण विसरणारा माणूस वेगळा दिसतो. दाजी साहेबांना समोरून येताना पाहिलं की बाजूला होऊन, हात जोडून नमस्कार करायचे. इतका वाकून की पाहणाऱ्याच्या अंगावर काटा यावा.

दिवसपाळीनं त्यांना रात्री मोकळ्या करून दिल्या. ही एक गोष्ट साहेबांच्या लक्षात आली नव्हती.

पहिल्या वर्षी दाजींनी दुर्बिणीच्या आरशासाठी दोन काचा आणल्या. चौदा इंची, पायरीच्या दगडाएवढी जाड. मागच्या खोलीत एक पिंप दगड भरून उभं केलं, त्यावर एक काच बसवली, मध्ये घासायची पूड आणि पाणी घातलं आणि दुसरी काच तिच्यावर घासत ते पिंपाभोवती फिरू लागले. कामावरून आल्यावर दोन तास, रोज. अकराव्या महिन्यात पुडीत खडा आला आणि काचेवर ओरखडा उठला. कुणालाही दिसला नसता. दाजींनी पुन्हा पहिल्या पुडीपासून सुरुवात केली. ताई म्हणाली, दुसरी बायको आणली असतीत तर निदान भांडी तरी घासली असती तिनं.

नंतर लोखंड आलं. सांगाडा मी जोडून दिला. तीनदा जोडला, कारण दोनदा दाजींनी तो हलतो म्हणून परत केला. मला हलताना दिसत नव्हता. मोजायची नळी सगळ्यात महाग होती. तिच्यासाठी पाच वर्षं घराला रंग लागला नाही, ताईच्या हातात नवं काही आलं नाही, आणि दाजी चपलेला चौथ्यांदा टाच लावून घ्यायला गेले तेव्हा चांभारानं हात जोडले.

सातव्या वर्षी दुर्बीण गच्चीवर उभी राहिली. वर एक ताडपत्री, बस्स. मी म्हटलं, पत्र्याचा लहानसा घुमट करून देतो, थंडीवाऱ्याला आडोसा होईल.

“घुमट नको,” दाजी म्हणाले. “घुमटच नाही, तर कुणाची कड आड येणार?”

तेव्हा मला कळलं की हा माणूस सात वर्षं काय घासत होता.

ते उघड्यावर बसत. जेव्हा जेव्हा आकाश स्वच्छ असे, तेव्हा तेव्हा. अंगावर दोन कांबळी आणि समोर एकोणऐंशी. दोन्ही साक्षीदार तारे प्रत्येक वेळी मोजायचे. कागद त्यांनी स्वतः आखले होते, तिघांना तीन रकाने, म्हणजे पाठीवर काहीच लिहावं लागणार नाही. सकाळी सहाला उठून कामावर. एवढ्या वर्षांत दिवसपाळीला ते एकदाही पेंगले नाहीत. पेंगणं त्यांना परवडणारं नव्हतं.

एकोणऐंशी महिनोन् महिने गप्प बसायचा. बारा वर्षांत तीन वेळा दाजींनी त्याला तासाभरात मंदावताना पकडलं. मी म्हटलं, दाखवा की आता साहेबांना. ते म्हणाले, एकट्यानं पाहिलेलं साहेबांच्या लेखी डुलकीच. टेकडीवरची मोठी दुर्बीण त्याच रात्री त्याच ठिपक्यावर लागलेली पाहिजे. ती कधी लागते, तेवढं तू सांगत जा.

घुमटाला नवी मोटर आली. नळीच्या जागी कॅमेरा आला. साहेब वेधशाळेचे प्रमुख झाले. जगात इतर ठिकाणीही आता लोक म्हणू लागले होते की अशा दीर्घिका तासाभरातही लुकलुकतात. म्हणजे तो उजेड कृष्णविवराच्या अगदी जवळच्या, लहानशा जागेतून येत असणार. साहेबांनी वाऱ्याची दिशा ओळखली. प्रबंधाचं नाव घेणं बंद केलं आणि निवृत्तीला वर्ष उरलं असताना एकोणऐंशीवर पुन्हा कॅमेरा लावला. मी दाजींना निरोप दिला. नवव्या रात्री ठिपका पंचावन्न मिनिटांत चौथाईनं मंदावला.

साहेबांनी लेख लिहून बाहेरच्या एका मासिकाकडे पाठवला. महिन्याभरानं तो परत आला. ते कारखान्यात आले, तेव्हा परत आलेला कागद त्यांच्या हातातच होता. घुमटाची मोटर त्या रात्री अडकली नव्हती असं मी लिहून द्यावं, अशी त्यांची इच्छा होती. परीक्षकानं विचारलं होतं की हे घुमटाची कड आड आल्यामुळे झालेलं नाही कशावरून. दुसऱ्या जागेवरून कुणी पाहिलं असेल तरच लेख घेऊ.

मी हातातला पाना खाली ठेवला. असं सुख नोकरीत दोनदा मिळत नाही.

“मोटरीचं मी कसं सांगू साहेब, मी घरी होतो,” मी म्हटलं. “पण त्या रात्री आमचे दाजी गच्चीवर मोजत होते. घुमटाशिवाय.”

साहेब संध्याकाळीच दाजींच्या घरी आले. ताईनं त्यांना पाणी दिलं. चहा विचारला नाही. दाजींनी कागद समोर ठेवला. साहेबांनी आपला आलेख शेजारी ठेवून आकडे ताडले. मिनिटाला मिनिट जुळत होतं. साहेबांचा चेहरा उजळला. ते ‘तुम्ही’ म्हणू लागले. एवढी वर्षं दाजी ‘तू’ होते. लेखात तुमचं नाव माझ्या नावाशेजारी घालतो, असं म्हणाले.

दाजींनी कागद उचलून परत फडताळात ठेवला.

“नाव नको. वहीतली ओळ खोडा.”

साहेबांना आधी कसली ओळ ते आठवेना. नाटक नव्हतं ते, खरंच आठवत नव्हतं. हे दाजींना सगळ्यात जास्त लागलं असावं, कारण त्यांची मान ताठ झाली. आठवल्यावर साहेब म्हणाले, जुन्या गोष्टी कशाला उकरायच्या, इतक्या वर्षांत कुणी ती वही उघडलीसुद्धा नसेल.

“आमच्या घरात रोज उघडते,” ताई दारातून म्हणाली. “आणि नुसतं खोडून भागायचं नाही. एक रात्र तो रहाट फिरवा म्हणावं. बारा मिनिटांनी एकदा. मग कळेल, त्यात झोप लागते की नाही.”

दाजींनी तिच्याकडे पाहिलं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती, पण बायकोनं आपल्यापेक्षा कडक शिक्षा सुचवलेली त्यांना पहिल्यांदाच दिसली असावी. मग ते म्हणाले, “ती म्हणते तसंच.”

साहेब उठून गेले. चौथ्या दिवशी परत आले. मधल्या काळात त्यांना कळलं होतं की दुसऱ्या एका वेधशाळेतले लोकही अशाच एका ठिपक्यावर लिहीत आहेत. या खेपेस पाणीही मिळालं नाही.

ठरल्या संध्याकाळी मी मोटरीची साखळी उतरवून जुना हातरहाट जोडला. त्याला तेल घालू का, असं विचारलं. “तेव्हा होतं तेवढंच,” दाजी म्हणाले. ते मोजणीला बसले. कॅमेरा काढून जुनी नळी लावली होती. साहेबांनी कोट काढून खुंटीला लावला आणि रहाट धरला. मी भिंतीशी उभा राहून घड्याळ पाहत होतो. मला तिथे काहीच काम नव्हतं. मी गेलोही नाही.

पहिला तास साहेबांनी उत्साहात काढला. पाच पाळ्या, अठ्ठावीस फेरे मोजून. दुसऱ्या तासाला बोलणं थांबलं. तिसऱ्याला कोट पुन्हा अंगावर आला आणि ते हातमोजे मागू लागले. दाजी म्हणाले, हातमोज्यानं मूठ सुटते, आम्हाला मनाई होती. मनाई कुणी केली होती, ते बोलले नाहीत. चौथ्या तासाला साहेब फेरे संपले की स्टुलावर बसू लागले. दोन वाजायच्या पाळीला उठले, तेव्हा पाच फेरे कमी पडले. दाजींनी ते पुरे केले.

दोन वाजून बारा मिनिटांनी साहेब उठलेच नाहीत. हनुवटी छातीला टेकली होती. घोरणं बारीक होतं, पण घुमटात आवाज घुमतो.

मी त्यांना हलवायला पुढे झालो. दाजींनी हात आडवा केला. ते उठले, अठ्ठावीस फेरे फिरवले, बॅटरीनं कड पाहिली, परत जागेवर बसून आकडा घेतला. मग पिशवीतून नवी कोरी दौत काढली. टाक बुडवून वहीत त्या रात्रीच्या पानावर लिहिलं. अक्षर सावकाश, शाळेतल्या मुलासारखं, पण एकही काना वाकडा नाही. ‘दोन वाजून बारा मिनिटे. घुमट फिरवणाऱ्यास झोप लागली. घुमट मी फिरवला. कड आड आली नाही. आकडे ग्राह्य.’ खाली सही.

पहाटेपर्यंत बाकीच्या पाळ्या दाजींनीच केल्या. त्यांचं वय तेव्हा पंचावन्न.

उजाडल्यावर साहेब दचकून उठले. वही समोर उघडीच होती. त्यांनी ती ओळ वाचली, कानापर्यंत लाल झाले आणि कपाटातून जुनी वही काढली. एकोणीस वर्षांपूर्वीचं पान उघडलं. खिशाला पेन होतं, निळं. दाजींनी दौत त्यांच्याकडे सरकवली. साहेबांनी जुनी ओळ खोडली, ‘चुकीची नोंद, माझी’ असं लिहून सही केली. दाजींनी वाचून पाहिलं. मग त्या पानाला टाचलेला मोजणीचा कागद उलटवला. पाठीवरचे आकडे पिवळे पडले होते, पण वाचता येत होते. साहेबांना ते वाचायला लावले, सगळे, वरपासून खालपर्यंत. साहेबांनी वाचले. साक्षीदार तारा जिथल्या तिथे होता.

मग साहेब नव्या वहीकडे बोट करून म्हणाले, “ही कालची ओळसुद्धा खोडून टाकू या. फिटंफाट.”

“माझ्यावरची ओळ खोटी होती, म्हणून खोडली,” दाजी म्हणाले. “तुमच्यावरची खरी आहे. राहू द्या.”

त्यांनी गच्चीवरचा कागद साहेबांच्या हातात ठेवला, रहाटाची मूठ फडक्यानं पुसली आणि टेकडी उतरायला लागले. कँटीनच्या दारात आचारी उभा होता. वर काय झालं ते मी त्याला सांगितलं, जरा मोठ्यानं, म्हणजे आतल्यांनाही ऐकू जावं. त्या आठवड्यापासून डुलकी हे नाव साहेबांकडे गेलं आणि निवृत्त होईपर्यंत त्यांच्याकडेच राहिलं. निरोपसमारंभात कुणीतरी मागून पुटपुटलं, तेव्हा दाजी पहिल्या रांगेत बसले होते. ते हसले नाहीत. नुसती मांडी बदलली.

लेख छापून आला. त्यात दाजींचं नाव नाही. त्यांनीच नको म्हटलं होतं, आणि आजही त्यांना त्याचं वाईट वाटत नाही. मला वाटतं, पण मी कधी बोललो नाही.

एका कामगाराच्या एकोणीस वर्षांच्या पगारातून काय आलं, ते मी पाहिलं आहे. दोन काचा, लोखंड, एक नळी, एक ताडपत्री. आणि त्या शेवटच्या महिन्याच्या पगारातून वाण्याकडची लाल शाईची एक दौत. वाण्यानं पावतीवर त्यांचं पूर्ण नाव लिहिलं होतं.

दौत अजून ताईच्या फडताळात आहे. दोन ओळींना शाई ती किती लागणार, पाऊण भरलेलीच आहे. आवराआवर करताना ताईनं ती टाकायला काढली, तर दाजींनी उचलून परत जागेवर ठेवली.

“असू दे, लागेल,” म्हणाले. “माझ्या ओळखीची माणसं अजून जिवंत आहेत.”